जागेच्या सौद्याआधी जागेची परीक्षा : शिकलेल्या मुलींसाठी पर्यावरण सल्लागाराचा व्यवसाय

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन मोठी शहरे कापसाच्या व्यापारावर वाढली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, तेलगिरण्या, सरकीची गोदामे आणि त्यांच्याभोवतीची बाजारपेठ यांवरच येथील पुष्कळसा व्यवहार चालत असे. हल्ली या शहरांत वेगळी बांधकामे दिसू लागली आहेत. नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापडाची घाऊक बाजारसंकुले उभी राहिली. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. नांदगाव पेठ येथील पी. एम. मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. एप्रिल २०२५ मध्ये बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. रस्ता, विमान आणि कारखाना आला की त्यांच्या पाठोपाठ गोदामे, हॉटेले, दवाखाने, मंगल कार्यालये आणि दुकानांचे गाळे येतात.

या गाळ्यांत पैसा बहुधा लहान व्यापाऱ्याचा असतो. तीन भावांनी वीस वर्षांत साठविलेली रक्कम, गावाकडील शेत विकून आलेले पैसे, प्रसंगी घरातील दागिने, असे सर्व त्यात ओतले जाते. घेणारा माणूस सातबारा पाहतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो, रस्त्याची रुंदी मोजतो. परंतु जमिनीखाली काय आहे, बोअरचे पाणी कसे आहे, पुराची रेषा कोठून जाते, सांडपाणी कोठे सोडणार, हे विचारणारा कोणी नसतो. हे प्रश्न विचारणे, त्यांची उत्तरे मोजमापासह लिहून देणे आणि कायद्याची कागदपत्रे पूर्ण करून घेणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला पर्यावरण सल्लागाराचा व्यवसाय म्हणतात. आपल्या कितीतरी मुली बी. एस्सी., एम. एस्सी., बी. ई. झाल्यावर शिक्षिकेच्या एका जागेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना या व्यवसायाची नीट ओळख व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

कामाचे तीन भाग

व्यापारी बांधकामाच्या संबंधात पर्यावरण सल्लागाराचे काम तीन टप्प्यांत येते.

पहिला टप्पा जागा घेण्यापूर्वीचा. या जागेवर पूर्वी काय होते, माती किंवा पाणी दूषित आहे काय, नाला, तलाव अथवा पूररेषा आड येते काय, याची तपासणी करून लेखी अहवाल द्यायचा.

दुसरा टप्पा बांधण्यापूर्वीचा. इमारतीला किती पाणी लागेल, किती सांडपाणी निघेल, कचरा किती होईल, गाड्या कोठे उभ्या राहतील, किती झाडे तोडावी लागतील, याचा हिशेब करून सरकारी परवानग्यांसाठी अर्ज तयार करायचा. वास्तुविशारदाला उन्हाची दिशा, सावली आणि वीजबचत यांबाबत सल्ला द्यायचा, हेही याच टप्प्यातले काम.

तिसरा टप्पा इमारत वापरात आल्यानंतरचा. सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र चालते की नुसते दाखविण्यापुरते आहे, जनरेटरचा आवाज मर्यादेत आहे की नाही, परवानगीत घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे ठरावीक काळाने तपासून अहवाल द्यायचे. या कामाचे वैशिष्ट्य असे की ते दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा येते. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या स्त्रीला नियमित उत्पन्नाचा आधार याच कामातून मिळतो.

हे काम जगात कसे सुरू झाले

अमेरिकेत नायगारा फॉल्स या शहराजवळ लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. १९४० आणि १९५० च्या दशकांत एका रासायनिक कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांत रसायने झिरपू लागली, मुले आजारी पडू लागली. लोइस गिब्स या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेत जात होता. तिने घरोघर फिरून आजारांच्या नोंदी केल्या, नकाशावर खुणा केल्या आणि रहिवाशांची संघटना उभी केली. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली.

या प्रकरणानंतर डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्या कायद्याने जागेच्या मालकालाही, घाण त्याने केलेली नसली तरी, सफाईच्या खर्चासाठी जबाबदार धरले. साहजिकच जागा घेणारे आणि तिच्यावर कर्ज देणाऱ्या बँका सावध झाल्या. खरेदीपूर्वी जागेचा इतिहास तपासून घेण्याची पद्धत पडली आणि १९९३ मध्ये या तपासणीचे लेखी मानक तयार झाले. ‘फेज वन’ तपासणी म्हणतात ती हीच. परदेशी कंपनी आपल्याकडे गोदाम किंवा कारखान्याची जागा घेते तेव्हा पुष्कळदा हाच अहवाल मागते.

आपल्याकडील कायदा

भारतात १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे या कामाचे तीन आधार आहेत. बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. तिच्यानुसार २०,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २ लाख १५ हजार चौरस फूट किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. दीड लाख चौरस मीटरपासून पुढे नियम अधिक कडक होतात. मोठे व्यापारी संकुल, मॉल किंवा मोठे रुग्णालय या मर्यादेत सहज येऊ शकते.

नियम सतत बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये यांना या मंजुरीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी ती सूट रद्द केली. ज्यांनी सहा महिन्यांत सूट गृहीत धरून आराखडे केले, त्यांना ते पुन्हा तपासावे लागले. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने प्रसिद्ध केले. त्यामुळे घाण कोणी केली आणि सफाईचा खर्च कोणाचा, हा प्रश्न आता आपल्याकडेही कागदावर आला आहे.

मंजुरीशिवाय काम सुरू केल्यास काय होते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील लवासा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबविले आणि सुमारे वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०११ मध्ये, अटींसह मंजुरी दिली. मोठी कंपनी वर्षभराचा खोळंबा कसाबसा सोसते. गाळ्याची आगाऊ रक्कम भरून बसलेल्या किरकोळ दुकानदाराला तो सोसत नाही.

लहान इमारतीही नियमांतून सुटत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातील बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर पावसाचे पाणी साठविण्याची किंवा जिरविण्याची सक्ती आहे. उलट, हरित इमारतीचे मानांकन घेणाऱ्यास मानांकनाच्या दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्राचे उत्तेजनही आहे. बांधकाम व्यावसायिकाला हा आकडा समजावून सांगितला की त्याला सल्लागाराची फी जड वाटत नाही.

वऱ्हाडची माती, पाणी आणि ऊन

पुण्या-मुंबईचा सल्लागार येथे येतो तेव्हा त्याच्याकडे छापील नमुना तयार असतो. वऱ्हाडात तो नमुना तसाच लागू पडत नाही. याच मातीत वाढलेल्या मुलीची जमेची बाजू येथे आहे.

प्रथम माती घ्या. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंपणाची भिंत दोन वर्षांत तडकते ती याच कारणाने. पाया कसा घ्यायचा हे स्थापत्य अभियंता ठरवितो, पण मातीच्या फुगण्याची चाचणी करून घ्या, हे लेखी सांगणे सल्लागाराचे काम आहे. पाणी जिरविण्याच्या खड्ड्याचेही तसेच. काळ्या चिकण मातीत पाच-सहा फुटांचा खड्डा करून त्यात विटांचे तुकडे टाकले, तर त्यात पाणी जिरत नाही, डबके होते आणि डास होतात. मातीचा थर ओलांडून खाली मुरमापर्यंत जावे लागते. मुरूम किती खोल आहे हे शेजारच्या विहिरीत डोकावले तरी समजते. पुष्कळ इमारतींत हा खड्डा केवळ नकाशा मंजूर होण्यापुरता खणला जातो.

दुसरे पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीला पाणी लागते, पण ते खारे असते. हे पाणी पिण्यास योग्य नाही, एवढे सर्वांना ठाऊक आहे. ते बांधकामालाही घातक आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. खाऱ्या बोअरचे पाणी कालवून किंवा तेच पाणी मारून ओतलेला स्लॅब सुरुवातीस चांगला दिसतो. आत सळई गंजत राहते आणि काही वर्षांनी प्लॅस्टरचे पोपडे पडून लोखंड उघडे होते. पाण्याची ही तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते आणि तिचा खर्च स्लॅबच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असतो.

खारपाणपट्ट्यात पावसाचे पाणी जमिनीत सोडले तर ते खाऱ्या पाण्यात मिसळून जाते. तेथे टाकी बांधून ते साठविणे अधिक उपयोगी. साधा हिशेब पाहा. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर आणि गच्ची ५०० चौरस मीटर धरली, तर गच्चीवर ४ लाख लिटर पाणी पडते. वाया जाणारे पाचवा हिस्सा सोडले तरी ३ लाख २० हजार लिटर हाती राहते. दिवसाला ५ हजार लिटर वापर असलेल्या संकुलाचा तो ६४ दिवसांचा पुरवठा झाला. एवढी मोठी टाकी प्रत्येकाला परवडेल असे नाही, पण तिचा चौथा हिस्सा साठविला तरी उन्हाळ्यातील कित्येक टँकर वाचतील. अकोला शहर काटेपूर्णा नदीवरील महानच्या धरणावर आणि अमरावती अप्पर वर्धा धरणावर अवलंबून आहे. पाऊस ओढला की दोन्हीकडे नळाला पाणी येण्याचे दिवस लांबतात, हे येथील दुकानदारांना वेगळे सांगायला नको.

तिसरे ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले. अशा गावात रस्त्याच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड करून सबंध काचेची दर्शनी भिंत उभी करणे म्हणजे दुपारभर ऊन आत घेऊन मग वीज जाळून ते बाहेर काढणे होय. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड भिंती, लहान खिडक्या आणि मातीचे जाड छप्पर असे. ती बांधणी उन्हाचा विचार करूनच झाली होती. आजच्या इमारतीत तेच काम पांढऱ्या परावर्तक गच्चीने, पश्चिमेकडे जिना किंवा भांडारगृह ठेवल्याने, खिडक्यांवर खोल छज्जा दिल्याने साधता येते. मोठ्या इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. तिच्यात १०० किलोवॉट जोडभार ही मर्यादा धरली आहे. सल्लागार संगणकावर इमारतीचा नमुना मांडून कोणत्या भिंतीतून किती उष्णता येते हे आकड्यांत दाखवून देऊ शकते. हे काम पुष्कळसे टेबलावर बसून होते.

जुनी जिन आणि भंगाराची वखार

वऱ्हाडात जागेचा इतिहास तपासणे का जरुरीचे आहे, हे दोन नमुन्यांवरून पाहू.

समजा, स्टेशनजवळच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची जागा विक्रीला आहे. सल्लागार प्रथम सातबारा, फेरफार आणि नगर भूमापनाची मिळकत पत्रिका मिळवून जागा कोणाकोणाच्या हातून गेली याची यादी करते. नंतर संगणकावर उपग्रहाची जुनी चित्रे पाहते. ‘गुगल अर्थ प्रो’ हे साधन त्यासाठी फुकट मिळते. मग प्रत्यक्ष जागेवर फिरून डिझेलची टाकी जमिनीत आहे काय, बॉयलरची राख कोठे टाकली, छताला सिमेंटचे अॅस्बेस्टॉस पत्रे आहेत काय, जुना ट्रान्सफॉर्मर आहे काय, हे पाहते. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पी. सी. बी. नावाचे घातक रसायन असू शकते. २०१६ च्या केंद्रीय आदेशाने त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण बंद करण्याची मुदत घातली होती. अॅस्बेस्टॉसचे पत्रे हातोड्याने फोडले की त्याचे सूक्ष्म तंतू मजुरांच्या फुप्फुसांत जातात. ते ओले करून, न फोडता सबंध उतरवून घ्यावे लागतात. शेवटी कारखान्यात काम केलेल्या म्हाताऱ्या फिटरला किंवा चौकीदाराला भेटायचे. कागदावर नसलेली गोष्ट त्याला ठाऊक असते.

दुसरा नमुना आपल्या अधिक ओळखीचा आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे भंगाराच्या धंद्यात आहेत. वखारीत वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फुटतात, काळे तेल सांडते, वायरी जाळून तांबे काढले जाते. बॅटरीतील शिसे मातीत राहून जाते, ते पावसाने धुऊन संपत नाही. वखार शहराबाहेर हलवून त्या जागी दुकाने आणि वर राहण्याची घरे बांधली, तर त्या अंगणात मुले खेळणार. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. मातीचे नमुने घेऊन शिसे किती खोल गेले आहे ते पाहणे, तेवढी माती काढून योग्य ठिकाणी पाठविणे आणि मगच पाया खोदणे हा सरळ मार्ग आहे. विकणाऱ्याने ही गोष्ट दडवू नये आणि घेणाऱ्याने ती विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

नदीकाठची जागा असेल तर पूररेषा पाहावीच लागते. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा असते. अकोल्यातील मोर्णा नदीच्या स्वच्छतेसाठी जानेवारी २०१८ मध्ये हजारो लोक पात्रात उतरले. त्या पात्राला लागून असलेली जागा स्वस्त का मिळते, याचे उत्तर निळ्या रेषेत सापडते.

शिक्षण आणि पुढील पायऱ्या

रसायनशास्त्र, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र अथवा पर्यावरणशास्त्र यांतील बी. एस्सी., स्थापत्य अभियांत्रिकीतील बी. ई. किंवा वास्तुशास्त्राची पदवी असलेल्या मुलीला या क्षेत्रात येता येते. घराजवळची सोयही आहे. अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय १९२३ पासून चालू आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. नागपूरला नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. ती १९५८ पासून पाणी, सांडपाणी आणि हवा यांवर काम करीत आहे. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वऱ्हाडच्या मातीचा अभ्यास होतो.

पदवीनंतरची वाट साधारणपणे अशी असते.

पहिली दोन-तीन वर्षे पाणी-हवा तपासणीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किंवा सल्लागार कंपनीत काढावीत. नमुना कसा घ्यावा, बाटलीवर काय लिहावे, नमुना किती वेळात पोहोचला पाहिजे, हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर समजते. बाटली चुकीची असेल तर पुढील सर्व आकडे व्यर्थ होतात.

दुसरी पायरी प्रमाणपत्रांची. पर्यावरण मंजुरीचे अहवाल तयार करणाऱ्या संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या नॅबेट मंडळाची मान्यता लागते. त्या संस्थेत प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ नेमावा लागतो. पाणी, हवा, आवाज, भूजल, घनकचरा, जैवविविधता, समाजजीवन असे विषय असतात. मुलीने आपला एक विषय निवडून त्यात अनुभव नोंदवीत जावा. वीजबचतीकडे कल असेल तर ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा आहे. हरित इमारतींसाठी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल आणि गृह या दोन्ही मानांकन संस्था व्यावसायिकांच्या परीक्षा घेतात. ऑगस्ट २०२५ च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनी नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षक हा एक नवा वर्गही निर्माण केला आहे.

तिसरी पायरी स्वतःच्या कामाची. सुरुवातीला मोठे यंत्र घ्यावे लागत नाही. पाण्याचा खारेपणा आणि आम्लता मोजण्याची हातातली यंत्रे, आवाज मोजण्याचे यंत्र, मातीचा नमुना काढण्याचा हातगिरमिट, मोजपट्टी, कॅमेरा, संगणक आणि नोंदवही एवढ्यावर आरंभ होतो. पक्की तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. नगर रचनाकार, वास्तुविशारद, वकील आणि बँकेचे मूल्यांकनकार यांच्याशी ओळख ठेवावी, कारण ग्राहक प्रथम त्यांच्याकडे जातो. पहिली कामे लहानच घ्यावीत. एखाद्या रुग्णालयाचे जैववैद्यकीय कचऱ्याचे कागद, मंगल कार्यालयाच्या सांडपाण्याची व्यवस्था, संकुलाच्या पाण्याचा हिशेब, अशा कामांतून नाव होते.

वाट दाखविणाऱ्या स्त्रिया

या क्षेत्रात स्त्रियांनी आधीच पाऊल टाकले आहे. मिली मजुमदार यांनी दिल्लीच्या टेरी संस्थेत अनेक वर्षे इमारतींच्या ऊर्जाबचतीवर काम केले. ‘गृह’ हे भारतीय मानांकन उभारणाऱ्यांत त्या प्रमुख होत्या. पुढे हरित इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातील कामाच्या त्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. पुण्यात केतकी घाटे आणि मानसी करंदीकर या दोघींनी ‘ऑयकॉस’ ही संस्था काढली. खाजगी जमीन विकसित करताना तेथील माती, पाणी आणि झाडे कशी राखावीत, याचा सल्ला त्यांची संस्था देते. दोघी मिळून संस्था चालवितात, ही गोष्ट आपल्याकडील मुलींनी विशेष ध्यानात घ्यावी. एकटीने जागेवर जाण्याचा प्रश्न भागीदारीने बराच सुटतो.

घरच्यांच्या शंका

मुलगी बांधकामावर जाणार म्हटले की घरात प्रश्न निघतात, आणि ते अगदीच गैरवाजवी नसतात. जागा गावाबाहेर असते, तेथे पुरुष मजूर आणि ठेकेदार असतात, स्वच्छतागृह नसते. यावर काही साधे नियम करता येतात. भेट दिवसा ठेवावी, वेळ लेखी कळवावी, बरोबर सहकारी किंवा घरचे माणूस असावे, जागेच्या मालकाचा प्रतिनिधी हजर असावा. बंद टाकीत किंवा गटारात उतरून नमुना घेण्याचा आग्रह कोणी केला तर साफ नकार द्यावा. तेथे विषारी वायू असतो आणि अनुभवी कामगारही त्यात दगावतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागाही त्यात येते आणि लहान संस्थांतील स्त्रियांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कामाचा मोठा भाग अहवाल लिहिण्याचा, नकाशे आणि आकडे मांडण्याचा आहे, तो घरी बसून होतो. पर्यावरण मंजुरीचे अर्ज २०१८ पासून ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून होतात. लग्नानंतर किंवा मुले लहान असताना जागेवरच्या फेऱ्या कमी करून काम चालू ठेवता येते. ज्ञान मात्र ताजे ठेवले पाहिजे. दोन वर्षे नियम वाचले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सहीची किंमत

या व्यवसायातील खरी अडचण ऊन आणि धूळ यांपेक्षा मोठी आहे. सल्लागाराला फी देणारा तोच असतो, ज्याला परवानगी हवी असते. त्यामुळे ‘मॅडम, एवढी ओळ काढून टाका’ असे म्हणणारा ग्राहक भेटणारच. काही जण जुन्या अहवालात फक्त गावाचे नाव बदलून तो पुढे करतात. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात रशियातील जंगलांचे वर्णन सापडले होते, ही गोष्ट या क्षेत्रात अजून सांगितली जाते. कोकणात स्प्रूसची झाडे नसतात, एवढेही लिहिणाऱ्याने पाहिले नव्हते.

म्हणून पहिल्या दिवसापासून काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. कामाची व्याप्ती आणि फी लेखी ठरवावी. फीचा काही भाग आगाऊ घ्यावा आणि उरलेला अहवाल दिल्यावर घ्यावा. परवानगी मिळाली तरच पैसे, अशी अट मान्य करू नये, कारण त्या अटीने सल्लागार स्वतःच त्या प्रकल्पात अडकून पडते. कार्यालयात ‘वरचे’ देण्याचे काम आपल्या अंगावर घेऊ नये. जे मोजले ते लिहावे, आणि ज्याची मोजणी झाली नाही त्याच्यापुढे मोजणी झालेली नाही असे स्पष्ट नमूद करावे. अहवालात दोष दाखविला तर त्याच्याबरोबर उपायही आणि त्याचा अंदाजी खर्चही द्यावा. व्यापाऱ्याला नुसता नकार नको असतो. खारे पाणी असेल तर टँकर किती लागतील, माती दूषित असेल तर किती ट्रॉली काढावी लागेल, हे समजले की तो भाव पाडून मागू शकतो किंवा सौदा सोडू शकतो. दोन्हीत त्याचे हितच आहे.

असा अहवाल दिल्याने एखादे काम हातचे जाईल. पण अमरावती-अकोल्यासारख्या शहरात बाजार लहान आहे आणि बातमी लवकर फिरते. ज्या सल्लागाराच्या अहवालावर विसंबून एका व्यापाऱ्याचे पैसे वाचले, तिच्याकडे त्याचा मेहुणा आणि शेजारचा दुकानदारही येतो. बँकेचा अधिकारीही तिची सही पाहून फाइल बाजूला ठेवत नाही.

ज्या घरात विज्ञान शाखेची मुलगी आहे, त्या घराने तिला येत्या सुट्टीत एक लहानसे काम देऊन पाहावे. आपल्या घराच्या किंवा दुकानाच्या बोअरच्या पाण्याची तपासणी तिने करून आणावी, गच्चीवर वर्षाला किती पाणी पडते याचा हिशेब करावा आणि जागेचा पन्नास वर्षांचा इतिहास मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांना विचारून चार पानांत लिहावा. ती चार पाने तिने मन लावून लिहिली, तर पुढे काय शिकायचे हे तिला आणि घरच्यांना कळेल. आणि जे वाचक यंदा गाळा किंवा भूखंड घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी वकिलाच्या सर्च रिपोर्टबरोबर मातीचा आणि पाण्याचा अहवालही मागावा. बयाणा देण्यापूर्वी मागावा.